घारापुरीचा सदाशिव

मुंबईच्या बंदरात, अपोलो बंदरापासून लाँचने तासाभराच्या अंतरावर, दोन टेकड्यांचे एक लहानसे बेट आहे. कागदोपत्री ते रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. राजबंदर, मोराबंदर आणि शेतबंदर ही तेथील तीन गावे. समुद्राखालून केबल टाकून या गावांना कायमची वीज मिळाली ती २०१८ साली. समोर मुंबई रात्रभर झगमगत असताना या बेटाने स्वातंत्र्यानंतरची सत्तर वर्षे बहुतेक अंधारात काढली, ही गोष्ट आपल्या नियोजनकर्त्यांना भूषणावह नाही. असो.

स्थानिक लोक बेटाला घारापुरी म्हणतात. जगाला मात्र ते एलिफंटा या नावाने ठाऊक आहे. हे नाव पोर्तुगीजांनी दिले. दक्षिणेकडील धक्क्याजवळ काळ्या पाषाणाचा एक भला मोठा हत्ती उभा होता, म्हणून हे हत्तीचे बेट. १८१४ साली त्या हत्तीची मान व डोके गळून पडले. १८६४ साली इंग्रजांनी तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला, पण उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईला आणून १९१४च्या सुमारास पुन्हा जोडण्यात आले. आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो हत्ती उभा आहे. बागेत मुलांना प्राणी दाखवायला नेणाऱ्या आईवडिलांपैकी किती जणांना त्याची ओळख असते, कोण जाणे.

बेटावर एकूण सात लेणी आहेत. पश्चिमेकडील टेकडीवरची पाच लेणी शैव पंथाची, तर पूर्वेकडील टेकडीवर बौद्ध अवशेष व विटांच्या जुन्या स्तूपाचा ढिगारा. धक्क्यावरून शंभराहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर जे पहिले व सर्वांत मोठे लेणे लागते, त्याविषयीच येथे लिहायचे आहे.

लेणे या शब्दाने आपली थोडी फसगत होते. गुहा म्हटली की निसर्गाने केलेली पोकळी डोळ्यांपुढे येते. घारापुरीचे लेणे हे खरोखर एक मंदिर आहे; फक्त ते दगडावर दगड रचून बांधलेले नाही. बांधकाम म्हणजे बेरीज. येथे सर्व काम वजाबाकीचे आहे. टेकडीच्या पोटातून नको तेवढा दगड काढून टाकला आणि जो ठेवला त्याचे खांब, तुळया, द्वारपाल आणि देव झाले. खोदाईला छताकडून प्रारंभ होतो व कारागीर हळूहळू जमिनीकडे उतरत येतात. त्यामुळे उंच मूर्तीचे मस्तक घडवण्यासाठी परात बांधावी लागत नाही. पण या पद्धतीत चुकीला क्षमा नाही. बांधलेल्या भिंतीतला वेडावाकडा दगड बदलता येतो. सहा मीटर खोलीवर एखाद्या मूर्तीचे नाक उडाले तर दुसरे नाक आणायचे कोठून?

लेण्याची लांबी उत्तर दक्षिण सुमारे ३९ मीटर आणि पूर्व पश्चिम जवळजवळ तेवढीच. खांब खालच्या अर्ध्या भागात चौकोनी व साधे, वरच्या भागात गोल व पन्हाळीदार, आणि माथ्यावर दाबलेल्या उशीसारखा कलश. डोंगराच्या भाराने ती उशी चेपली गेली असावी असा भास होतो. प्रत्यक्षात डोंगर त्या खांबांवर कितपत टेकला आहे हा प्रश्नच आहे, कारण कित्येक खांब तुटून पडल्यावरही छत जागच्या जागी राहिले. आज आपण पाहतो त्यांतले काही खांब पुरातत्त्व खात्याने नव्याने उभे केलेले आहेत. मोजमाप घेणाऱ्यांना असेही आढळले आहे, की खांबांच्या ओळी अगदी काटेकोर सरळ नाहीत आणि त्यांची मापेही एकसारखी नाहीत. दर्शकाच्या नजरेला ते जाणवत नाही.

या मंदिराची खरी खुबी त्याच्या दोन अक्षांत आहे. उत्तरेकडून आत शिरले की समोर, थेट दक्षिणेकडच्या भिंतीत, ती सुप्रसिद्ध प्रचंड मूर्ती दिसते. पण पूर्वेकडच्या अंगणातून आलात, तर समोर पश्चिमेला गर्भगृह लागते. चौकोनी, चारही बाजूंनी दरवाजे असलेले. प्रत्येक दरवाजाला दोन याप्रमाणे आठ उंच द्वारपाल, आणि आत शिवलिंग. भाविकाच्या दृष्टीने मंदिराचे हृदय हेच. लिंग या शब्दाचा मूळ अर्थ चिन्ह, खूण. निराकार परमेश्वराची ही खूण. तिला डोळे नाहीत, हात नाहीत, चेहरा नाही. चारही दिशांना दारे ठेवली, कारण ज्याची ही खूण आहे तो कोणत्याही एका दिशेचा नाही. भोवती प्रदक्षिणेला जागा सोडलेली आहे.

आपल्याकडच्या वाचकांना हे समजायला कठीण जाऊ नये. एखाद्या जुन्या चर्चमध्ये वेदीमागच्या भिंतीवर संतांच्या कितीही सुंदर मूर्ती असोत, श्रद्धावंत गुडघा टेकतो तो पवित्र साक्रामेंतापुढे. दोन्ही धर्मांच्या श्रद्धेत फार मोठा भेद आहे आणि तो पुसून टाकण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु मंदिराची रचना समजण्यापुरता हा दाखला उपयोगी पडतो. घारापुरीच्या भिंतींवरील महाकाय शिल्पे पूजेसाठी नसून ध्यानासाठी आहेत. प्रवासी मात्र बहुधा उलटे करतो. शिल्पांची छायाचित्रे घेतो आणि गर्भगृहावरून पुढे निघून जातो.

आता त्या दक्षिणेच्या भिंतीकडे वळू. खोल कोनाड्यात छातीपर्यंतच घडवलेली ही मूर्ती सुमारे साडेपाच मीटर उंच आहे. उजेड उत्तर, पूर्व व पश्चिम या तीन बाजूंनी येतो आणि दक्षिणेची भिंत सर्वांत अंधारी राहते. म्हणून लेण्यात शिरल्याबरोबर मूर्ती पूर्ण दिसत नाही. डोळे अंधाराला सरावतील तसतसे चेहरे पुढे येऊ लागतात. मूर्तीला छातीखाली शरीर नाही, ते अर्धवट राहिले म्हणून नव्हे. जे अव्यक्त आहे ते शिळेतून व्यक्त होऊ लागले आहे आणि अजून पूर्ण व्यक्त झालेले नाही, असा तो क्षण आहे.

तीन चेहरे दिसतात म्हणून पुष्कळ काळ या मूर्तीला त्रिमूर्ती म्हटले गेले. ब्रह्मा, विष्णू, महेश. शाळेच्या जुन्या क्रमिक पुस्तकांतही आम्ही हेच शिकलो. युरोपातून आलेल्या काही ख्रिस्ती प्रवाशांच्या मनात तीन मुखे पाहून पवित्र त्रैक्याची कल्पना डोकावली असेल तर नवल नाही. पण या दोन्ही ओळखी चुकीच्या आहेत. येथे तीन देव नाहीत. एकच शिव आहे आणि शैव आगमांनुसार त्याला पाच मुखे आहेत. मधले शांत, मिटल्या डोळ्यांचे मुख तत्पुरुषाचे. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला अघोर अथवा भैरव. कपाळाला आठी, मिशा, हाती सर्प. उजव्या हाताला वामदेवाचे सौम्य, जवळजवळ स्त्रीचे वाटणारे मुख, हातात कमळ. चौथे सद्योजात पाठीमागे, म्हणजे खडकात. आणि पाचवे ईशान वर, जे डोळ्यांना दिसायचेच नाही. शिल्पकाराने पाचांपैकी तीन दाखवली आणि दोन दगडात राहू दिली. म्हणून या मूर्तीचे योग्य नाव सदाशिव किंवा महेशमूर्ती.

धर्मशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. त्रैक्याचा सिद्धांत म्हणजे एकाच परमेश्वरात पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्ती. त्यांचे परस्परांशी असलेले नाते हा त्या रहस्याचा गाभा. सदाशिवाची मुखे या व्यक्ती नव्हेत. संहार करणारा आणि सांभाळणारा एकच आहे, आणि दोहोंच्या मध्ये तो स्वतः निश्चल आहे, असे ती सांगतात. दुसऱ्याच्या श्रद्धेत आपली श्रद्धा घाईघाईने शोधणे हाही त्या श्रद्धेचा एक प्रकारे अनादरच होय. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात अन्य धर्मांतील जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे सांगितले. त्यासाठी ते आधी आहे तसे पाहावे लागते.

सदाशिवाच्या दोन अंगांना दोन मोठे शिल्पपट आहेत. पूर्वेकडे अर्धनारीश्वर, नंदीवर रेललेला. अर्धे अंग पुरुषाचे, अर्धे स्त्रीचे. पश्चिमेकडे गंगाधर, वर तीन मस्तकांची गंगा उतरते आहे, पायाशी भगीरथ गुडघे टेकून बसला आहे आणि शेजारी पार्वती उभी आहे. दुसरी एक स्त्री पतीच्या मस्तकावर येऊन बसणार, याचे तिला फारसे कौतुक वाटत नसावे, असे तिच्या उभे राहण्यावरून वाटते.

लेण्याच्या पश्चिम अंगाला कल्याणसुंदर, म्हणजे शिवपार्वतीचा विवाह. माझ्या मते साऱ्या लेण्यातील सर्वांत कोमल शिल्प हेच. पार्वती शिवाच्या उजव्या बाजूस उभी आहे. विवाह पूर्ण होईपर्यंत वधूची जागा उजवीकडे, नंतर ती डावीकडे येते. पित्याने तिला पुढे आणले आहे, पौरोहित्यास साक्षात ब्रह्मदेव बसला आहे. वधूची मान किंचित झुकलेली. खालचा भाग फार भंगला आहे. पाय नाहीत, हात तुटले आहेत. तरीही त्या झुकलेल्या मानेत लग्नघरातल्या मुलीचा सगळा संकोच शिल्लक राहिला आहे. आणि याच्या समोरच, काही पावलांवर, अंधकासुराचा वध करणारा शिव: सुळे दिसणारे मुख, वटारलेले डोळे. वर आणि संहारक एकच आहेत. सदाशिवाची डावी व उजवी मुखे जे थोडक्यात सांगतात, ते या दोन पटांनी कथारूपाने सांगितले आहे.

पूर्वेच्या बाजूला कैलास हलवणारा रावण आणि कैलासावर बसलेले उमामहेश्वर. उत्तरेच्या प्रवेशापाशी एका हाताला नटराज, दुसऱ्या हाताला योगीश्वर. एक पूर्ण गती, दुसरा पूर्ण स्थैर्य. हा योगीश्वर अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण त्याचा संबंध लकुलीशाशी लावला जातो. गुजरातेतील कायावरोहण, म्हणजे आजचे कारवण, येथील लकुलीश हा पाशुपत पंथाचा आचार्य. पंथाने त्याला शिवाचाच अवतार मानले. सहाव्या शतकात या किनाऱ्यावर पाशुपतांचा मोठा प्रभाव होता. जोगेश्वरी, मंडपेश्वर आणि घारापुरी ही उत्तर कोकणातील तिन्ही शैव लेणी त्या परंपरेतली.

ही लेणी कोणी खोदली? घारापुरी बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी सापडली आहेत. नाण्यांवर तो स्वतःस परममाहेश्वर, म्हणजे शिवाचा परम भक्त, म्हणवतो. त्याचा काळ सहाव्या शतकाचा मध्य. शिल्पशैलीही त्याच काळाशी जुळते. म्हणून बहुतेक विद्वानांचा कौल कलचुरींच्या बाजूने आहे. काही जण कोकणच्या मौर्यांचे नाव घेतात. चालुक्य दुसरा पुलकेशी याच्या ६३४ सालच्या ऐहोळे शिलालेखात मौर्यांची समुद्रातली नगरी पुरी हिच्यावर केलेल्या स्वारीचे वर्णन आहे, आणि ही पुरी म्हणजेच घारापुरी असे अनेकांना वाटते. वस्तुतः या वादाचा निकाल लावणारा एक पुरावा लेण्यातच होता. त्याचे काय झाले ते पुढे येईलच.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना तहाने दिला. त्याबरोबर घारापुरीही त्यांच्याकडे गेली. येथून पुढची कथा आपल्या समाजाच्या वाचकांना जवळची आहे आणि थोडी अवघडही. घरातली मुले शाळेतून येऊन विचारतात, या मूर्ती आपल्या लोकांनी फोडल्या का? ‘आपले लोक’ म्हणजे कोण, हे आधी ठरवायला हवे. साष्टी, वसई, उरणच्या ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज १५३४ साली पोर्तुगीज जहाजातून उतरलेले नव्हते. ते येथेच होते. शेती करीत होते, जाळी टाकीत होते, आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी महाशिवरात्रीला याच गर्भगृहांपुढे हात जोडले असणार. मूर्ती फोडणाऱ्यांचे वारस की फुटलेल्या मूर्तींच्या भक्तांचे वंशज, असा प्रश्न केला तर बहुसंख्यांच्या बाबतीत दुसरे उत्तर अधिक खरे आहे. श्रद्धेच्या नात्याने पहिलेही पूर्णपणे झटकून टाकता येत नाही.

साक्षी काय सांगतात ते पाहू. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला आणि त्याच वर्षी त्याने हे लेणे पाहिले. वनौषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला, त्यात लेण्याचा उल्लेख आहे. आपण प्रथम पाहिले तेव्हा ते फार सुंदर होते, आता आत गुरे शिरून त्याची नासधूस झाली आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. याच ओर्ताची अस्थी, तो यहुदी वंशाचा व गुप्तपणे यहुदी धर्म पाळणारा होता या आरोपावरून, गोव्याच्या धर्मन्यायपीठाने १५८० साली उकरून जाळल्या. मुंबई बेट ज्याला खंडाने मिळाले होते त्या माणसाची ही गत. दुसरा साक्षीदार जुवांव द काश्त्रू, पुढे गोव्याचा गव्हर्नर झालेला. दीवच्या मोहिमेच्या वेळी, १५३८-३९ मध्ये, त्याने लेण्याची मोजमापे घेतली आणि शिल्पांच्या प्रमाणबद्धतेची तोंडभरून स्तुती केली. म्हणजे विजेत्यांतही डोळे असलेली माणसे होती. तिसरा इतिहासकार दियोगु द कोत. त्याने मात्र आपल्याच सैनिकांवर ठपका ठेवला आहे. सैनिकांनी आत बंदुका झाडल्याची हकीकत पुढे सर्वत्र पसरली.

गुरे की बंदुका? मला वाटते दोन्ही, आणि त्यांच्या जोडीला पाणी. पावसाळ्यात खडकातून झिरपणारे पाणी खांबांचे पाय खाऊन टाकते. मूर्तींचे वरचे भाग शाबूत आणि खालचे झिजलेले, असे पुष्कळ ठिकाणी दिसते. परंतु जेथे नेमके चेहरे आणि हात तुटले आहेत, तेथे पावसाला दोष देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नाव एका अनामिक शिपायाचे असेल, ध्वज मात्र क्रुसाचा होता.

बोरिवलीच्या मंडपेश्वराला तर साक्षीदारांचीही गरज नाही. तेथे दगडच बोलतो. घारापुरीपेक्षा लहान असलेले हे शिवलेणे सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन धर्मगुरू अंतोनियु दु पोर्तु याने ताब्यात घेतले व त्याचे दयामातेच्या नावे चर्च केले. वर डोंगरावर मठ व विद्यालय उभे राहिले. त्या इमारतीच्या भिंती आजही लेण्याच्या माथ्यावर दिसतात. लेण्यातील एका शिल्पाचा दगड तासून त्यावर मोठा क्रूस कोरला गेला. नटराजाचा पट मात्र भिंत घालून झाकून टाकला, आणि भिंतीआड गेल्यामुळेच तो बराचसा वाचला, असे जाणकार सांगतात. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी जिंकली, १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, आणि वरचा मठ ओस पडला. आज लेणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, आतल्या शिवलिंगाची पूजा होते, आणि तो क्रूस तसाच आहे. कोणीही तो तासून पुन्हा मूळ देव कोरण्याचा प्रयत्न केलेला नाही. जवळच राहणारी आमची कुटुंबे त्यावरून रोज जा-ये करतात. त्या क्रुसाकडे पाहताना मला अभिमान वाटत नाही. ज्या क्रुसावर प्रभूने स्वतःला दिले, तो दुसऱ्याच्या देवघरात छिन्नीने कोरून त्याची ग्वाही होत नसते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राचोलला छापलेले ‘क्रिस्तपुराण’ हेही त्याच पोर्तुगीज राजवटीत झाले. त्यांनी हातात छिन्नी घेतली नाही, ओवी घेतली, आणि चार शतकांनंतरही मराठी माणूस ते पुराण उघडतो.

१९८७ साली घारापुरीचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत झाला. महाशिवरात्रीला बेटावर भाविकांची गर्दी होते, एरवी पर्यटकांची. आपल्या धर्मग्रामांतून सहली नेहमी वेलंकणीला आणि जुन्या गोव्याला जातात, आणि जायलाच हव्यात. पण मुलांना एखाद्या हिवाळ्यात लाँचने या बेटावरही न्यावे. सकाळची पहिली लाँच पकडावी, सोमवार टाळावा (लेणे बंद असते), आणि आत शिरल्यावर पाच मिनिटे कोणीही बोलू नये. डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास तेवढा वेळ लागतोच.

राहता राहिला तो पुरावा. लेण्याच्या दाराशी एक कोरीव शिलालेख होता, असे दियोगु द कोत लिहितो. पोर्तुगीजांनी तो काढला. वाचून घेण्यासाठी येथे कोणी हिंदू वा मुसलमान मिळेना, तेव्हा तो दगड लिस्बनला राजा तिसरा जुवांव याच्याकडे पाठवण्यात आला. राजानेही प्रयत्न केला, पण तेथेही तो कोणाला वाचता आला नाही. पुढे त्या दगडाचे काय झाले याचा पत्ता नाही; एखाद्या जुन्या भिंतीत चिणला गेला असेल किंवा तळघरात पालथा पडला असेल. ब्राह्मी वळणाची सहाव्या शतकातली अक्षरे आज आपल्या विद्यापीठांतला कोणताही अभ्यासक सहज वाचू शकतो. दगड मात्र अजून सापडलेला नाही, आणि मंदिर कोणी, कोणत्या वर्षी खोदविले हे तोवर नाण्यांवरून आणि शिल्पांच्या घडणीवरूनच ताडावे लागणार.